छत्तीसचा आकडा

बँकेत एकवीस वर्षं काढल्यावर माणसाला दोन गोष्टींची सवय होते. एक म्हणजे पंखा आपल्या डोक्यावर कधीच नसतो, तो शेजारच्याच्या डोक्यावर असतो. दुसरी म्हणजे संध्याकाळी कॅश जुळत नाही. लाखाचा फरक पडला तर तो अर्ध्या तासात सापडतो. लाख रुपये लपून लपून लपणार कुठे? पण तीस-चाळीस रुपयांचा फरक म्हणजे ढेकूण. तो आहे हे कळतं, चावतोही, पण दिवा लावला की दिसत नाही.

सप्टेंबर २०२१ मधल्या एका संध्याकाळी माझी कॅश छत्तीस रुपयांनी कमी आली. साडेसहापर्यंत शोधलं, मग खिशातून छत्तीस रुपये घातले आणि घरी आलो. पैसे भरल्याचं दुःख नसतं हो. पण ते गेले कुठे हे न कळल्याचं असतं. मी बी.कॉम. झालेला माणूस आहे. वर्ग दुसरा, पण बी.कॉम. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, की एका खात्यावर रक्कम जमा झाली तर ती कुठल्या तरी दुसऱ्या खात्यावर नावे पडलेलीच असते. त्या वाक्यावर माझा सत्यनारायणापेक्षा जास्त विश्वास आहे.

घरी आमची ही खाटेवर बसून विणत होती. कुणाच्या तरी बाळाचा स्वेटर. आमच्या साताऱ्याला थंडी दोन महिने आणि हिचं विणकाम बारा महिने, त्यामुळे घरात लोकरीचे उरलेले गुंडे मांजराच्या पिलांसारखे कुठूनही निघतात. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. तो नुकताच स्कॉटलंडात डंडी नावाच्या गावी शिकायला गेला होता. मी त्याला माझं दुःख सांगितलं. तो म्हणाला, "मामा, छत्तीस? इथून वीस मिनिटांवर एक गाव आहे, तिथे छत्तीस म्हटलं की लोक टोपी काढतात!"

त्या गावाचं नाव आर्ब्रोथ. आणि गेली चार वर्षं मी या आर्ब्रोथच्या फुटबॉल क्लबच्या नादी लागलो आहे. आता तुम्ही म्हणाल, साताऱ्यातल्या कारकुनाचा आणि स्कॉटलंडातल्या गावकुसाबाहेरच्या क्लबचा संबंध काय? संबंध आहे. पण तो नंतर सांगतो. आधी गाव बघू.

आर्ब्रोथ हे उत्तर समुद्राच्या काठावरचं तेवीस-चोवीस हजार वस्तीचं गाव. राजा विल्यम याने ११७८ साली तिथे एक मठ बांधला, त्याचे लाल दगडाचे अवशेष अजून उभे आहेत. १३२० साली स्कॉटलंडच्या सरदारांनी पोपला एक अर्ज पाठवला, की आम्ही इंग्लंडच्या राजाचे ताबेदार नाही, सबब आमचं स्वातंत्र्य मान्य व्हावं. त्या लॅटिन अर्जावर याच मठाचं नाव आहे. सातशे वर्षं होऊन गेली तरी लोक तो अर्ज आठवणीत ठेवून आहेत. मी घरबांधणी कर्जाचा अर्ज केला होता, तो सात दिवसांत गहाळ झाला. गावासमोर अकरा मैल आत समुद्रात बेल रॉक नावाचा खडक आहे. भरतीला तो पाण्याखाली जायचा आणि जहाजं त्याच्यावर फुटायची. रॉबर्ट स्टीव्हन्सन या इंजिनियरने त्यावर दीपगृह बांधलं, १८११ साली तिथे दिवा लागला. हा स्टीव्हन्सन म्हणजे पुढे 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचा आजोबा. गावचा खाऊ म्हणजे स्मोकी. हॅडक माशांची जोडी शेपटीशी बांधायची आणि लाकडाच्या धुरावर टांगायची. आमच्या घरी हे सांगायची सोय नाही. भाच्याच्या आईला तो अजून तिथे वरणभातावर आहे असंच वाटतं.

या गावात १८७८ साली फुटबॉल क्लब निघाला. कपडे गडद लाल, म्हणजे आपला डाळिंबी रंग. टोपणनाव 'रेड लिख्टीज', म्हणजे लाल दिवेवाले. मासेमारीच्या होड्यांना अंधारात बंदर दिसावं म्हणून लाल दिवा लावत, त्यावरून हे नाव पडलं. मैदानाचं नाव गेफील्ड. गावातली कचरा टाकायची जागा १८८० च्या सुमाराला साफसूफ करून हे मैदान केलं, आणि ते इतकं समुद्राला चिकटून आहे, की मैदानाच्या भिंतीपलीकडे पाचसहा यार्डांवर भरतीचं पाणी. युरोपात एवढं समुद्राजवळ दुसरं स्टेडियम नाही म्हणतात. वारा सुटला की लाट भिंतीवरून आत येते. गोलकीपरने पुढे मारलेला चेंडू वाऱ्याने वळून त्याच्याच डोक्यावरून मागे येतो. जोरात मारलेला चेंडू आपल्याच अंगावर परत येणं ही गोष्ट मी साहेबांना लेखी तक्रार केल्यावर अनुभवली आहे. पण तिथे ती दर शनिवारी घडते.

क्लबाच्या इतिहासातलं पहिलं मोठं प्रकरण म्हणजे ऑडिट. दुसरा शब्द मला सुचत नाही. १८८४-८५ च्या मोसमात स्कॉटिश चषकाच्या सामन्यात ग्लासगोचा बलाढ्य रेंजर्स संघ गेफील्डवर आला आणि ४-३ असा हरला. गावात दिवाळी! पण रेंजर्सच्या मंडळींना संशय आला. त्यांनी टेप काढली आणि मैदान मोजलं. नियमाप्रमाणे रुंदी कमीत कमी पन्नास यार्ड हवी, ती भरली एकोणपन्नास यार्ड, दोन फूट, एक इंच. म्हणजे अकरा इंच कमी. त्यांनी ग्लासगोला तार केली म्हणतात, की परसदारच्या हिरवळीवर हरलो. तक्रार मंजूर झाली, सामना पुन्हा खेळवला, आणि रेंजर्सने ८-१ असा जिंकला.

आता मला सांगा, मैदान अकरा इंचांनी अरुंद असलं तर ते दोघांनाही अरुंदच ना? आणि जिंकले असते तर टेप निघाली असती का? आमच्याकडे एकदा इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी अशीच एका व्हाउचरवरची अपुरी सही शोधून काढली होती. सही होती, फक्त शेवटचं वेलांटीचं शेपूट नव्हतं. तेव्हापासून मी आर्ब्रोथच्या बाजूचा आहे, हे मला अर्थात पुढे एकवीस-बावीस वर्षांनी कळलं.

आणि पुढच्याच मोसमात ते छत्तीस घडलं.

१२ सप्टेंबर १८८५, शनिवार. स्कॉटिश चषकाची पहिली फेरी. त्या काळी तिथे लीग नव्हती. स्कॉटिश लीग सुरू झाली १८९० साली. तोवर चषक हीच काय ती मोठी स्पर्धा, आणि तिच्यात नाव नोंदवलेला कुणीही खेळू शकायचा. चिठ्ठ्या निघाल्या त्यात आर्ब्रोथसमोर अ‍ॅबर्डीनचा एक संघ आला. संघाचं नाव बॉन अ‍ॅकॉर्ड. हे अ‍ॅबर्डीन शहराचं ब्रीदवाक्यच आहे. अर्थ काय, तर सलोखा. म्हणजे सलोखा नाव धारण करून बिचारे आगगाडीने आले आणि त्यांच्या कुंडलीत निघाला छत्तीसचा आकडा.

हा संघ कसा आला, याच्याही कथा आहेत. सर्वांना आवडणारी कथा अशी, की बोलावणं जायचं होतं ओरायन नावाच्या फुटबॉल क्लबाला. पत्ता चुकला आणि ते गेलं ओरायन क्रिकेट क्लबाला. क्रिकेटवाले म्हणाले, आता बोलावलंच आहे तर जाऊ, आणि नाव घेतलं बॉन अ‍ॅकॉर्ड. अलीकडचे अभ्यासक ही कथा खरी मानत नाहीत. पण ती टिकली आहे याचं कारण उघड आहे. चुकीच्या पत्त्यावर पत्र गेल्याशिवाय एवढं मोठं संकट येऊच शकत नाही, असं सर्वसामान्य माणसाचं मत असतं. आणखी एक सांगतात, की त्यांच्याकडे धड खेळायचे कपडे नव्हते, आणि अँड्र्यू लॉर्नी नावाच्या हाफबॅकला त्यांनी गोलकीपर म्हणून उभं केलं.

या लॉर्नीशी माझी ओळख आहे. म्हणजे, प्रत्यक्ष नाही. पण कॉलेजात असताना वर्गावर्गांचे फुटबॉलचे सामने होते. आमच्या कॉमर्सकडे दहा माणसं होती आणि अकरावा मी. मला चष्मा. कॅप्टन म्हणाला, "तू गोलात उभा राहा, तिथे पळावं लागत नाही." आर्ट्सवाल्यांनी आमच्यावर नऊ गोल केले. पळावं लागत नाही हे साफ खोटं होतं. प्रत्येक गोलानंतर चेंडू आणायला मागच्या बाभळीपर्यंत मीच पळत होतो. तिसऱ्या गोलापर्यंत आपली माणसं ओरडतात. पाचव्यानंतर ती धीर देतात. सातव्यानंतर ती आपल्याकडे बघत नाहीत, हे सगळ्यांत वाईट. लॉर्नीसाहेबांनी माझ्या चौपट सोसलं.

तर सामना सुरू झाला. पाऊस पडत होता. मध्यंतरापर्यंत पंधरा गोल झाले. उत्तरार्धात एकवीस. नव्वद मिनिटांना छत्तीस म्हणजे सरासरी दर अडीच मिनिटांना एक. त्यातले तेरा एकट्या जॉकी पेट्री या पोराने केले. वय वर्षं अठरा. त्या वयात मी चालानं भरायला शिकत होतो. शिवाय हे लक्षात घ्या, की तेव्हा गोलाला जाळी नसायची. लिव्हरपूलच्या ब्रॉडी नावाच्या इंजिनियरने ती शोधून काढली १८८९ च्या सुमाराला. तोवर गोल झाला की चेंडू मागे वाहत जायचा आणि तो आणण्यात वेळ जायचा. जाळी असती तर काय आकडा झाला असता याचा हिशेब मी एकदा करायला घेतला होता, पण कणव येऊन सोडून दिला.

आर्ब्रोथचा गोलकीपर मिल्न. त्या दिवशी त्याच्यापर्यंत चेंडू आलाच नाही. म्हणून हा गृहस्थ एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभा राहिला आणि पाइप ओढत होता, असं सांगतात. फुटबॉलच्या इतिहासात सर्वांत मोठा विजय मिळवणाऱ्या संघाचा गोलकीपर म्हणून याचं नाव राहिलं, आणि त्याने केलं काय, तर पावसात कोरडा राहिला! आमच्याही बँकेत असे अधिकारी आहेत. नावं सांगत नाही.

पण मला खरा गोडवा वाटतो तो मोजदादीत. त्या वेळच्या स्कॉटिश क्रीडापत्रात वृत्तान्त आला, की चेंडू खांबांमधून एक्केचाळीस वेळा गेला, त्यातले पाच गोल अमान्य झाले, आणि मैदानाभोवती हौशी लोक हातात कागद-पेन्सिल घेऊन क्रिकेटच्या धावांसारखे गोल टिपत होते. रेफरी होते स्टॉरमंट. ते पुढे म्हणत, की आपण सात गोल नाकारले, पाच नव्हे. आता छत्तीस आणि पाच एक्केचाळीस. छत्तीस आणि सात त्रेचाळीस. दोन गोलांचा फरक! रेफरी स्वतः हजर, पत्रकार हजर, कागद-पेन्सिलवाले हजर, आणि कॅश जुळत नाही. हे वाचलं त्या दिवशी मला माझ्या छत्तीस रुपयांचं दुःख निम्मं झालं.

याहूनही मजा पुढेच आहे. त्याच दिवशी, त्याच स्पर्धेत, आर्ब्रोथपासून सतराएक मैलांवर डंडीमध्ये डंडी हार्प या संघाने अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला हरवलं. ३५-० असं. तिथे रेफरीच्या वहीत सदतीस गोल होते. पण हार्पच्या सेक्रेटरीने सांगितलं, की आमच्या मोजणीप्रमाणे पस्तीसच झाले. आणि रेफरीने पस्तीस मान्य केले!

मंडळी, ही गोष्ट मी आमच्या स्टाफला जेवणाच्या सुट्टीत सांगितली तेव्हा हेडकॅशियरचा घास हातात राहिला. आपल्या खात्यावर सदतीस जमा असताना 'नाही हो, पस्तीसच आहेत' म्हणून दोन परत करणारा खातेदार त्यांनी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. आणि त्या प्रामाणिकपणाचं फळ काय? सदतीस लिहिले असते तर विक्रम डंडीचा झाला असता. एक गोल कमी पडला आणि विक्रम गेला आर्ब्रोथला. हार्पच्या लोकांनी त्या रात्री मोठ्या खुशीत आर्ब्रोथला आपल्या पराक्रमाची तार केली, आणि उलट तार आली, की आमचे छत्तीस; त्यांना ती थट्टाच वाटली, असंही सांगतात. दंतकथा असेल. पण तारेचे पैसे देऊन स्वतःची फजिती करून घेण्याचा प्रकार मला तरी अगदी खरा वाटतो.

जगाच्या पाठीवर नंतर छत्तीसहून मोठा आकडा झाला. मादागास्करमध्ये ऑक्टोबर २००२ मध्ये एक सामना १४९-० असा संपला. पण तो निषेध होता. रेफरीवर रागावलेल्या संघाने आपल्याच गोलात चेंडू मारायचा सपाटा लावला. ते आंदोलन झालं, फुटबॉल नव्हे. ब्रिटनमधल्या वरिष्ठ फुटबॉलमध्ये छत्तीस अजून कुणी ओलांडलेले नाहीत. इंग्लंडात प्रेस्टनने १८८७ साली हाइड संघावर सव्वीस केले, तिथवरच गाडी गेली.

आपल्याकडे पत्रिका जुळवताना छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी भटजी खूश असतात. आर्ब्रोथचे छत्तीसच्या छत्तीस जुळले, आणि तरीही त्या वर्षी चषक मिळाला नाहीच. तो नेला ग्लासगोच्या क्वीन्स पार्कने. आणि खरं सांगायचं तर चषक आर्ब्रोथला आजतागायत कधीच मिळालेला नाही. एक दिवस एवढा मोठा उजाडला, की पुढची सव्वाशेहून जास्त वर्षं त्याच्या व्याजावर काढली.

मधली वर्षं मी भराभर सांगतो, कारण तीही भराभरच गेली. क्लबाच्या जुन्या गोलकीपरांपैकी नेड डॉइग सर्वांत मोठा झाला. इंग्लंडात सन्डरलंडकडून चार वेळा लीग जिंकला, स्कॉटलंडसाठीही खेळला. त्याला टक्कल होतं आणि त्याची त्याला लाज होती, म्हणून तो टोपी घालून खेळायचा आणि ती हनुवटीखाली इलॅस्टिकने बांधायचा. टोपी उडाली तर हा आधी टोपीमागे धावेल आणि मग चेंडूमागे, अशी त्याच्याबद्दल थट्टा चाले. माझ्या स्वतःच्या डोक्याची सद्यःस्थिती पाहता मला यात थट्टेचं काही दिसत नाही.

१९२१ मध्ये क्लब लीगमध्ये आला. १९२५ मध्ये मैदान साठएक यार्ड सरकवून नीट बांधून काढलं. अकरा इंचांचा धसका चाळीस वर्षं राहिला असावा. १९३५ मध्ये वरच्या श्रेणीत चढले, महायुद्धापर्यंत टिकले. १९५९ मध्ये पुन्हा चढले, एका वर्षात उतरले. त्या चढण्याच्या मोसमात डेव्ह ईसनने पंचेचाळीस गोल केले होते. १९६८ मध्ये चढले, एका वर्षात उतरले. १९७२ मध्ये चढले, तीन वर्षं तग धरला, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये रेंजर्सला त्यांच्याच घरी, आयब्रॉक्सवर, ३-२ असं हरवलं. या वेळी मैदान मोजायची सोय नव्हती. ते रेंजर्सचंच होतं.

आणि जमा-नाव्याचा हिशेब? तो १९४७ मध्ये लागला. त्या वर्षी आर्ब्रोथ चषकाच्या उपांत्य फेरीत पोचलं. समोर कोण? अ‍ॅबर्डीन! १८८५ च्या त्या एका शनिवारी अ‍ॅबर्डीनच्या दोन संघांनी मिळून एकाहत्तर गोल खाल्ले होते. बासष्ट वर्षांनी अ‍ॅबर्डीनच्या नव्या क्लबाने आर्ब्रोथला २-० असं घरी पाठवलं आणि पुढे चषकही जिंकला. मुद्दल वसूल झालं नाही, पण व्याजापोटी काहीतरी भरलं. पुढे १९८३ मध्ये याच अ‍ॅबर्डीनने रेआल माद्रिदला हरवून युरोपातला एक मोठा चषक आणला, तेव्हा लॉर्नीचं खातं माझ्या दृष्टीने बंद झालं.

आता तो राहिलेला संबंध. आर्ब्रोथचे खेळाडू हे अर्धवेळ खेळाडू. म्हणजे दिवसा नोकरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. त्यांचा लोकांचा अत्यंत लाडका विंगर बॉबी लिन हा कचऱ्याच्या गाडीवर काम करायचा. पहाटे कचरा उचलायचा आणि शनिवारी समोरच्या बचावफळीची धूळ. मी दिवसा बँकेत बसतो आणि रात्री दहानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे असलं लिहितो. अर्धवेळच. पूर्णवेळ लेखक भेटले की माझ्याकडे 'हे आपले बँकेतले' म्हणून बघतात आणि बँकेतले 'हे आपले लेखक' म्हणून. दोन्ही वेळा 'आपले' शब्दावर जरा जोर असतो.

तर या अर्धवेळवाल्यांना २०१६ मध्ये डिक कॅम्पबेल नावाचा प्रशिक्षक मिळाला. डोक्यावर चपटी टोपी, साठी उलटलेली, मदतीला जुळा भाऊ इयन. चौथ्या श्रेणीतला संघ. एका वर्षात तिसरीत आणला, २०१९ मध्ये दुसरीत. आणि २०२१-२२ मध्ये, ज्या मोसमात माझे छत्तीस रुपये हरवले त्याच मोसमात, दहा संघांत हा एकटा अर्धवेळ संघ चक्क पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. आठवड्यामागून आठवडे. भाचा दर शनिवारी फोन करून सांगायचा आणि मी सोमवारी बँकेत सांगायचो. आधी लोक हसले. मार्चअखेरच्या धांदलीतसुद्धा शिपाई विचारायला लागला, "काय झालं तुमच्या आर्ब्रोथचं?" तो त्याचा उच्चार 'आरभाट' असा करायचा. मला तो जास्त बरोबर वाटतो.

शेवटी २२ एप्रिल २०२२, शुक्रवार. किल्मार्नक या पूर्णवेळ, पगारी संघाशी त्यांच्या मैदानावर सामना. आर्ब्रोथ जिंकलं तर आशा शिल्लक, हरलं तर किल्मार्नक विजेतं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वाबारा. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, बँक बंद, म्हणून मी बेधडक जागलो. हिने उशी कानावर घेतली. पहिला गोल केला आर्ब्रोथने! मी ओरडलो तो शेजारच्या जोशांनी दिवा लावला. मग किल्मार्नकने बरोबरी केली. मग घड्याळ पुढे जाईना. आणि अगदी शेवटच्या मिनिटांत किल्मार्नकचा दुसरा गोल. २-१. लोक मैदानात घुसले म्हणे. मोसम संपला तेव्हा तक्त्यात किल्मार्नक सदुसष्ट, आर्ब्रोथ पासष्ट.

दोन गुण. पुन्हा तेच, दोनाचा फरक.

अजून एक दार उघडं होतं. इन्व्हरनेसशी दोन सामने, दोन्ही ०-०. दुसऱ्यात इन्व्हरनेसचे दोघे बाहेर काढले गेले, नऊ जणांविरुद्ध अकरा, तरी आर्ब्रोथला गोल होईना. छत्तीस गोल करणाऱ्या क्लबाला एक होईना! शेवटी पेनल्टींवर हरले. मी भाच्याला फोनवर म्हटलं, "अरे, त्या छत्तीसातला एक उसना नाही का घेता आला?" तो बोलला नाही. तो मैदानावर होता आणि बहुधा रडत होता. शिकायला पाठवलेलं पोर परदेशात फुटबॉलसाठी रडतंय हे मी त्याच्या आईला सांगितलेलं नाही.

नंतर २०२३ च्या नोव्हेंबरात कॅम्पबेल गेले, २०२४ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला, आणि २०२५ मध्ये संघातल्याच दोघा जुन्या खेळाडूंच्या हाती सूत्रं असताना ती श्रेणी जिंकून पुन्हा वर आला. चढले, उतरले, चढले. ही त्यांची पद्धतच आहे.

त्या उन्हाळ्यात भाचा रजेवर आला. माझ्यासाठी डाळिंबी मफलर आणला, त्यावर क्लबाचं नाव. मे महिन्यात साताऱ्यात लोकरी मफलर गुंडाळून मी संध्याकाळभर आरामखुर्चीत बसलो. घामोळं आलं. मग मी त्याला म्हटलं, "पुढच्या वेळी बॉन अ‍ॅकॉर्डचा आण."

तो म्हणाला, "मामा, छत्तीस गोल खाल्लेल्यांचा मफलर कोण करणार? कुठल्याच दुकानात मिळणार नाही."

ही इतका वेळ विणत बसली होती. वर न बघता तिने विचारलं, "रंग कुठला होता त्यांचा?"

मी म्हटलं, "रंग कसला आलाय! घरच्याच कपड्यांत खेळले होते म्हणतात. ज्याचा जो सदरा, तो रंग."

"मग उरलेली लोकर चालेल," ती म्हणाली, आणि पिशवीतून गुंडे काढायला लागली.